संमती आईची, ओटीपी पोराच्या हातात

माझं मोबाईलचं दुकान अशोक चौकाच्या अलीकडं आहे. विक्री, दुरुस्ती, रिचार्ज, आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की झेरॉक्सही. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात, त्यामुळं इथं सगळेच जरा चढ्या आवाजात बोलतात. गिऱ्हाईक निम्मं घरी तेलुगू बोलणारं, थोडं कन्नड, थोडं दखनी, बाकी आपलं सोलापुरी. सध्या काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येतो. "ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्यांना बंदी आली म्हणे. आपल्याकडं कधी ओ?" बाप मंडळी हे फार आशेनं विचारतात. दिल्लीत कुणीतरी एक बटण दाबेल आणि घरातली रोजची कटकट मिटेल, असा एकूण सूर. त्या बटणाबद्दल मला थोडं लिहायचंय, कारण ते शेवटी माझ्यासारख्याच्या काउंटरवर दाबलं जातं.

नवा फोन चालू केला की तो जन्मतारीख विचारतो. फोन कुणासाठी घेतलाय हे मला दिसत असतं, कारण ते पोरगं समोरच कव्हरं चाळत उभं असतं. मी त्याला तारीख विचारतो. तेवढ्यात बाप म्हणतो, "टाका की कायतरी. खरी टाकली की यूट्यूब नीट चालत नाही म्हणतंय हे." म्हणजे वय लपवायची शिकवणी पोरानं बापाला आधीच दिलेली असते. सेकंड हँड फोनची तऱ्हा आणखी वेगळी. आजोबांचा फोन नातवाकडं येतो तो आजोबांच्या खात्यासकटच. एकदा सहावीतल्या एका पोराचा फोन चार्जिंग जॅक बदलायला आला होता. चालू करून बघतो तर जाहिराती गुडघेदुखीच्या तेलाच्या, पेन्शन योजनेच्या, आणि मधेच रमीच्या. कंपनीच्या लेखी ते पोरगं ६८ वर्षांचं.

आता कायद्याकडं येऊ. आपल्याकडं काहीच कायदा नाही असं गिऱ्हाईक समजतं, ते खरं नाही. २०२३ साली संसदेनं डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा केला. त्याचं कलम ९ फक्त मुलांसाठी आहे, आणि मूल म्हणजे १८ वर्षांखालचं प्रत्येकजण. मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीनं आधी आईबापाची पडताळता येईल अशी संमती घ्यायची. मुलाचा माग काढायचा नाही, त्याच्या वागण्यावर नजर ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि या कलमासारख्या मुख्य गोष्टी लागू व्हायला त्यापुढं १८ महिने दिलेत. म्हणजे मे २०२७. तोवर ॲपवाले विचारतात ते १३ वर्षांचं. हा १३ चा आकडा आपला नव्हेच. अमेरिकेनं १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन माहितीबद्दल कायदा केला, त्यात १३ ची रेघ होती. ती रेघ सगळ्या जगाच्या फोनमध्ये आली आणि अशोक चौकापर्यंतही पोचली.

आपला कायदा कागदावर अमेरिकेपेक्षा कडक आहे. माझी अडचण त्यातल्या आईबापाशी आहे. तो कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर जे आईबाप होते, ते आमच्या भागात फार थोडे आहेत.

आमच्याकडची आई विड्या वळते. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, आणि दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात देऊन यायचं. तिच्याकडं फोन आहे, साधा नाही, चांगला टच स्क्रीनचा, हप्त्यावर घेतलेला. पण तो चालवतं कोण? गॅसचं बुकिंग, बँकेचा मेसेज, लाडकी बहीणची केवायसी, रेशनचं आधार जोडणं, हे सगळं घरातलं सातवी-आठवीतलं पोरगं किंवा पोरगी करते. माझ्या समोरचीच गोष्ट. अम्मा बँकेच्या कामासाठी फोन घेऊन आलेली, सोबत शाळेच्या ड्रेसमधली पोरगी. मी ओटीपी विचारला, अम्मानं फोन पोरीकडं दिला. पोरगी म्हणाली, "आगु अम्मा, आला," म्हणजे थांब आई, आणि सहा आकडे मला वाचून दाखवले. अम्मा नुसती मान हलवत होती. फोनचा पासवर्ड, यूपीआयचा पिन, ईमेल, सगळं त्या पोरीच्या डोक्यात. उद्या एखाद्या ॲपनं अम्माला विचारलं, की तुमच्या मुलीला खातं उघडायची परवानगी आहे का, तर उत्तर कोण देणार?

नव्या नियमांत पडताळणीसाठी एक रस्ता असा आहे, की पालकाची ओळख आणि वय डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून तपासायचं. वाचून मला हसू आलं. आमच्या गल्लीत डिजिलॉकर उघडून देतात ती दहावीची पोरं. आधी स्वतःचं मार्कलिस्ट काढायला शिकतात, मग बापाचं लायसन्स त्यात टाकून देतात. बापाच्या डिजिलॉकरचा पिन बापाला विचारा, तो पोराला हाक मारेल.

गुगलचं फॅमिली लिंक नावाचं ॲप आहे, फुकट आहे, चांगलं आहे. पालकाच्या फोनवरून मुलाच्या फोनची वेळ ठरवता येते, कुठलं ॲप घ्यायचं त्याला मंजुरी देता येते. एक बाई तक्रार घेऊन आल्या, की तुम्ही लावून दिलेलं काही चालत नाही, पोरगं रात्रभर फोन बघायलंय. बघतो तर पोरानं आईचं खातं काढून टाकलं होतं, स्वतःच एक नवं खातं मोठ्या माणसाचं म्हणून उघडलं होतं, आणि त्या खात्यातून स्वतःला परवानग्या दिल्या होत्या. स्वतःच स्वतःचा पालक! मी त्याला काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मनात म्हटलं, हा पोरगा उद्या माझ्याकडं कामाला आला तर ठेवून घेईन.

"मग फोन देऊच नका" असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यातले बरेच जुळे सोलापुरात राहतात आणि त्यांच्या घरी लॅपटॉप असतो. फोन पोरांच्या हातात आला तो लाडानं आला असं नाही, शाळेच्या वाटेनंच आला. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढं ते राज्याच्या पुस्तकांत आले, आणि गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. सोलापूरकर म्हणून मला त्याचा अभिमानच आहे. त्याच वर्षी टाळेबंदी लागली आणि माझ्याकडं रांग लागली. ज्या घरात दोन वेळचं बघून खर्च करतात, त्यांनी हप्त्यावर फोन घेतले, कारण वर्ग फोनवर भरायला लागला. टाळेबंदी उठली. वर्गाचा ग्रुप काही उठला नाही. आजही गृहपाठ त्यावरच येतो. आई फोन काढून घेते तेव्हा पोरगं म्हणतं, "मॅडमनी अभ्यास टाकलाय," आणि ते बऱ्याचदा खरं असतं.

आता बापांबद्दल. बापांची दोन टोकं दिसतात. एकाला काही माहीत करून घ्यायचं नसतं. दुसऱ्याला सगळंच बघायचं असतं. दुसरा माझ्याकडं येतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "पोरीचं व्हॉट्सॲप माझ्या फोनवर दिसलं पाहिजे, पण तिला कळायला नको." मुलगी, बरं का. मुलासाठी हे काम घेऊन कुणी आल्याचं मला आठवत नाही. मुलासाठी येतात ते "गेम बंद करा" म्हणायला. मी हे चोरून बघायचं काम करत नाही, आणि त्यापायी गिऱ्हाईक गेलंय. पुढच्या चौकात करून देणारे आहेत. पण त्यातून काय होतं ते बघा. पोरीच्या फोनवर काही सापडलं की आधी फोन जातो, मग क्लास बंद होतो, मग हळूच स्थळं बघायला लागतात. तिनं काही केलेलं नसलं, कुणी अनोळखी माणसानं घाण मेसेज पाठवला असला, तरी हाच क्रम. हे प्रत्येक पोरीला माहीत असतं. मग ती काय सांगणार घरी? आणि तिनं घरी सांगितलं नाही तर पुढचा सगळा कायदा जागच्या जागी बसून राहतो, कारण तो सुरूच होतो कुणीतरी तोंड उघडल्यावर.

एक प्रसंग सांगतो. इयत्ता, गल्ली, वेळ, सगळं बदललंय. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम २३ प्रमाणं मुलाची ओळख पटेल असं काही छापता येत नाही, आणि कलम नसतं तरी मी छापलं नसतं.

दुपारी दुकान रिकामं असताना एक मुलगा आला. फोन नवाच, फुटलेला नाही, बिघडलेला नाही. म्हणाला, "काका, हार्ड रीसेट मारून द्या. सगळं उडालं पाहिजे." हात थरथरत होते. असं कधी कुणी आलं तर फ्लॅश मारायच्या आधी मी पाणी देतो आणि खुर्ची देतो. बराच वेळ गेला. मग तुटक तुटक बोलला. एका ॲपवर एका मुलीची ओळख झाली. मुलगीच आहे असं फोटोवरून वाटत होतं. रात्री व्हिडिओ कॉल आला. समोरच्यानं ते रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या मित्रांची यादी पाठवून पैसे मागितले. पोरानं आईच्या यूपीआयवरून थोडे पाठवले. मग जास्त मागितले. आता त्याला वाटत होतं, फोन पुसला की गोष्ट पुसली जाईल.

फोन पुसला तर फक्त पुरावा पुसला जातो. समोरच्याकडचं रेकॉर्डिंग तसंच राहतं. त्याला तेवढंच सांगितलं आणि तीन गोष्टी लगेच केल्या. पैसे बंद. धमक्यांचे, त्या खात्याच्या नावाचे आणि ज्या यूपीआयवर पैसे गेले त्याचे स्क्रीनशॉट. आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, कारण पैसे गेलेत आणि जितक्या लवकर कळवाल तितकी ते पुढं सरकायच्या आत अडवायची शक्यता जास्त. एक सोय मात्र मला नंतर त्याच्या घरच्यांसमोर नीट समजावून सांगावी लागली. अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या संस्थेनं 'टेक इट डाऊन' नावाची सेवा चालवलीय, १८ वर्षांखाली असताना काढलेल्या फोटो-व्हिडिओंसाठी. फोटो कुठंच पाठवायचा नसतो. फोनमध्येच त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो, तो ठसाच तेवढा जातो, आणि ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या आपल्याकडं तसा ठसा जुळला की तो फोटो काढून टाकतात. व्हॉट्सॲपसारख्या बंद पाकिटात फिरणाऱ्या गोष्टींना त्याचा उपयोग नाही, हेही सांगितलं. खोटी आशा कशाला द्यायची.

मग बापाला बोलावलं. मुलगा नको नको म्हणत होता. बाप आला, ऐकलं, आणि पहिली गोष्ट केली ती हात उगारला. तो मी धरला. दुसरी गोष्ट म्हणाला, "पोलीस-बिलीस काही नको. इज्जत जाईल. तुम्ही फोन साफ करा, आम्ही घरी बघून घेतो."

इथं मला कायद्याचा जो आधार मिळाला तो मला फार मोलाचा वाटतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं, की मुलाविरुद्ध असा गुन्हा झाल्याचं ज्या कुणाला कळेल त्यानं तो पोलिसांना कळवायचा. ज्या कुणाला, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, शेजारी, आणि मोबाईलवालाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. ही शिक्षा मुलाला लागू नाही, ती मोठ्यांसाठी आहे. मी बापाला म्हटलं, "अण्णा, तुम्ही नाही गेला तर मला जावं लागेल. मला कळलंय आता." तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटतं, त्याला उलट सुटल्यासारखं झालं. जायचं की नाही हे आता त्याच्या इज्जतीवर राहिलं नव्हतं.

दुसरी भीती, पोलीस व्हॅन दारात येईल आणि गल्ली गोळा होईल. कलम २४ आणि २६ इथं कामाला आली. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. आईबाप किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत पाहिजे. या घरी तसंच झालं. साध्या ड्रेसमधल्या एक मॅडम आल्या, शेजारणीला वाटलं शाळेच्या बाई आल्या असतील. ते खातं पुढं गप्प झालं. माणूस सापडला का, ते मला विचारायचं कारण नव्हतं. मुलगा परीक्षेला बसला.

या प्रकरणात कायदा सगळा होता, जागच्या जागी होता. पण एका घाबरलेल्या पोरानं एका मोबाईलवाल्याला सांगितल्यावर तो हलला. बापाला सांगितलं नव्हतं. का नव्हतं, ते बापाच्या उगारलेल्या हातात दिसलंच.

एक सूचना मधेच देऊन ठेवतो, कारण लोक नकळत अडकतात. असला फोटो किंवा व्हिडिओ मुलाचा असेल तर तो "हे बघा काय चाललंय" म्हणून चुलत्याला, मामाला, सोसायटीच्या ग्रुपवर पुढं पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली तो पाठवणाराच गुन्हेगार होतो, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात तर असलं काही फोनमध्ये साठवून ठेवण्याबद्दलही कान उपटलेत. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तो निकाल फ्रेम करून लावावा. मेमरी कार्ड भरून द्यायचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता दुसऱ्या जातीचा एक कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला वेगळी शिक्षा, आणि बँकांनी असे व्यवहार पुढं न्यायचे नाहीत. राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्टला झाली, आणि त्याच सुमाराला बड्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. मी ते काउंटरवर बघितलं. बापाच्या यूपीआयवरून पोरानं रमीत पैसे घालवले, ते परत मिळतील का, असं विचारणारे वरचेवर यायचे, ते कमी झाले. कंपन्या कोर्टात गेल्यात, तो भाग वेगळा. पण बघा, या कायद्यानं कुठल्याच आईला काही विचारलं नाही. अम्माची संमती नको, ओटीपी नको, डिजिलॉकर नको. दुकानाचं शटर वरूनच खाली ओढलं.

अगदीच ओढलं असंही नाही. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, आणि तो सोलापुरात कुठं मिळतो हे मला विचारायला लागत नाही, तुम्हालाही लागत नाही. तसंच परदेशी सट्ट्याच्या ॲपची फाईल टेलिग्रामवरून येते आणि पोरं माझ्याकडं घेऊन येतात, "काका, ही इन्स्टॉल होईना." होणार नाही बाळा, माझ्या दुकानात तर नाहीच. तरीसुद्धा, टीव्हीवर क्रिकेटच्या मधे दर षटकाला एखादा खेळाडू येऊन सांगायचा की खेळा आणि जिंका, ते थांबलं. सहावीतल्या पोराला रमी माहीत नसणं ही आता निदान शक्य कोटीतली गोष्ट आहे.

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून जे केलं ते याच जातीचं आहे, आणि गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी तोच भाग सांगतो. तिथं १६ खालच्या मुलाला समाजमाध्यमाचं खातं ठेवू द्यायचं नाही ही जबाबदारी कंपनीची. आईबापाची संमती असली तरी चालत नाही. मूल किंवा आईबाप यांना काही दंड नाही. कंपनीला मात्र चार कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. १६ हा आकडा बरोबर की चूक, पोरं तिथंही वाट काढतात की नाही, ही चर्चा करत बसा. मला आवडलं ते एवढंच, की दोष कुणाच्या दारात ठेवायचा हे त्यांनी आधी ठरवलं.

आपल्या कलम ९ मध्येही असा एक तुकडा आहे. माग काढायचा नाही आणि हेरून जाहिरात करायची नाही, हे जे म्हटलंय त्याला आईची सही लागत नाही. त्या कलमातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. फक्त तो लागू व्हायचा तर समोरचं गिऱ्हाईक मूल आहे हे कंपनीनं ओळखायला हवं, आणि आमचं सहावीतलं पोरगं तर ६८ वर्षांचं आहे. कंपनीला ते ओळखता येत नाही यावर माझा काडीचा विश्वास नाही. ज्या यंत्राला मी काल कुठला कुकर बघितला ते कळतं, त्याला हे कळत नाही की दुपारी शाळा सुटल्यावर कार्टून आणि फ्री फायर गेमचे व्हिडिओ बघणारा माणूस पेन्शनर नसणार? कळतं. कळून घ्यायचं नसतं. मे २०२७ मध्ये ही अंमलबजावणी कशी करतात त्यावर सगळं आहे. नुसती आईला एक खिडकी दाखवली आणि "मी सहमत आहे" वर बोट टेकवून घेतलं, तर ते बोट कुणाचं असेल ते मी वर लिहिलंय. आणि ती खिडकी दाखवणारच असाल तर निदान तेलुगूत, कन्नडमध्ये, मराठीत दाखवा, आणि वाचता येत नाही त्यांना ऐकू येईल अशी दाखवा.

मग आईबापांनी काहीच करायचं नाही का? शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि गावभर दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. मी हे दुकानात सांगितलं तेव्हा एक जुने मिल कामगार काका म्हणाले, "आमचं आख्खं आयुष्य भोंग्यावर गेलं रे. गिरण्या बंद पाडल्या आणि आता भोंगा पाहिजे म्हणतोस होय?" सगळे हसले. पण त्या गावाची खुबी मला अशी दिसते, की तिथं बंद फक्त पोराचा फोन होत नाही, बापाचाही होतो. माझ्या काउंटरवर येणारा बाप पोराचं वेळापत्रक लावून घेतो आणि ते चालू असताना स्वतः रील्स बघत उभा असतो, आवाज मोठा करून.

अम्माला फोन चालवता येत नाही म्हणून ती पोरीला सांभाळू शकत नाही, असं मात्र मला वाटत नाही. त्या ओटीपीवाल्या अम्माची गोष्ट पुढं आहे. पोरीला कुणीतरी अनोळखी माणूस सारखा मेसेज करत होता, फोटो मागत होता. पोरीनं अम्माला सांगितलं. अम्माला वाचता येत नव्हतं, तिनं पोरीकडून सगळे मेसेज मोठ्यानं वाचून घेतले, मग त्या माणसाला फोन लावायला सांगितला आणि तेलुगूत जे काही ऐकवलं त्याचा अनुवाद मी करत नाही. नंतर फोन घेऊन माझ्याकडं आली, "ह्याचं काय करायचं ते कर." ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवले, तक्रार कुठं करायची ते सांगितलं, कारण मुलाशी असा वारंवार ऑनलाइन संपर्क साधणंही पोक्सोत बसतं. तिला फॅमिली लिंक म्हणजे काय ते आजही माहीत नाही. पोरीनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. डिग्रीवाल्या बापांच्या घरी हे कळायला वर्ष लागतं.

तर माझ्याकडून होईल तेवढं मी करतो. काउंटरच्या काचेवर तीन ओळी चिकटवल्यात. पैसे गेले किंवा धमकी आली तर १९३०. मूल अडचणीत असेल तर १०९८. ऑनलाइन तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन, मुलांच्या बाबतीतली तक्रार तिथं नाव न देताही करता येते. पुढची ओळ तेलुगूत लिहून घ्यायचीय, लिहून देणारं कुणी असेल तर कळवा, चहा माझ्याकडून.

ज्यांना पोराच्या फोनची सेटिंग करून घ्यायचीय त्यांनी दुपारी दोन ते चार यावं, तेव्हा गर्दी नसते. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस सोडून, कारण तेव्हा फुटलेल्या डिस्प्लेंची रास पडलेली असते. खरी जन्मतारीख सांगायची तयारी ठेवा. आजोबांचं खातं आपण काढून टाकू, पोराचं नवं करू, वेळ किती ठेवायची ते तुम्ही दोघं माझ्यासमोर भांडून ठरवा. पैसे घेत नाही. पोराला सोबत आणा. तो शाळेत असताना त्याचा फोन गुपचूप घेऊन येणाऱ्यांचं काम मी करत नाही.